‘माध्यमं म्हणजे नुसता आरसा’ हे मला मान्य नाही

शाईचा डाग:
काल इथे एकाने लिहिलं, "माध्यमं आरसा आहेत. लोकांना बघायचं तेच दाखवतात. अजेंडा-बिजेंडा हे निवडणूक हरलेल्यांचं रडगाणं आहे." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी अकरा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, म्हणजे बातमीदारांच्या बातम्या तपासून, मथळे देऊन पानावर लावायचं काम. एका रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षातली यंत्रं बंद पडली होती. बातमी पहिल्या पानावर चार कॉलम लागली होती. रात्री साडेनऊला एका नटाच्या घटस्फोटाची बातमी आली. आमची बातमी आधी दोन कॉलम झाली, मग सिंगल, आणि शेवटी पान सातवर तळाला गेली. पुढे सभागृहात त्यावर एकानेही प्रश्न विचारला नाही. आरशाला पान सात नसतं हो.

१९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन माध्यम-संशोधकांनी अमेरिकेतल्याच चॅपेल हिल या गावातल्या १०० मतदारांना गाठलं. मत कुणाला द्यायचं हे यांचं अजून ठरलेलं नव्हतं. महत्त्वाचे प्रश्न कोणते, असं विचारल्यावर माध्यमांनी ज्या क्रमाने जागा दिली होती, जवळपास त्याच क्रमाने उत्तरं आली. मत कुणाला द्यायचं हे माध्यमं सांगत नसतील, पण भांडायचं कशावरून हे तीच ठरवतात.

परखड:
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. शंभर माणसं, एक गाव, आणि त्यावर सिद्धांत? दोन याद्या जुळल्या म्हणून कुणी कुणाचं ऐकलं हे कसं कळलं? दोघंही एकच जग बघत असतील. माझी नोकरी गेली तेव्हा वाहिन्यांवर महिनाभर भलताच गोंधळ चालू होता. बेरोजगारी हा प्रश्न आहे हे मला बातमीतून कळावं लागलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

शाईचा डाग:
नोकरीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. स्वतःला झळ लागते तो प्रश्न कळायला बातमी लागत नाही, हे संशोधकही मानतात. पण तुमच्यासारखे किती जण घरी बसलेत हे शेजाऱ्याला कसं कळणार? तो महिना तुम्ही एकट्याने काढलात, कारण पडद्यावर दुसरंच होतं.

आणि नुसत्या याद्यांवर हे थांबलेलं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतली ४८ माध्यमं सहभागी होती, बहुतेक छोटी. कोणत्या आठवड्यात ठरलेल्या विषयावर बातम्या द्यायच्या हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं, आणि त्यातल्या काहींनी मिळून त्या दिल्या. त्या आठवड्यांत ट्विटरवर त्या विषयाची चर्चा ठळकपणे वाढली. दोघं एकच जग बघत होते, हे इथे लागू पडत नाही.

दौतटाक:
संशोधन राहू द्या. ती चार कॉलमची बातमी पान सातवर नेली कुणी? डेस्कनेच ना? मी बातमीदार होतो. तीन दिवस पायऱ्या झिजवून आणलेली बातमी तुम्ही लोक वीस मिनिटांत कापता, वर मथळा भलताच देता, आणि शिव्या आम्ही खातो. एका बाईंनी मला दुसऱ्या दिवशी फोन केला, "आमचं कुठे आलंय?" मला पान सांगायची लाज वाटली.

शाईचा डाग:
पान मीच हलवलं. वरून सांगितलं होतं आणि मला नोकरी हवी होती. पण मथळ्यांचं खापर सगळ्या डेस्कवर फोडू नका. रात्री साडेअकराला अर्धी वाक्यं, चुकीची नावं असलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, पाठवणारे बातमीदारही मी पाहिलेत.

दौतटाक:
माझ्या कॉपीत नावं कधी चुकली नाहीत. हे बोलायचं काम नाही.

धुळाक्षर:
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. मी वेबसाइटवर काम करते. आमच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, कोणत्या बातमीवर आत्ता किती वाचक आहेत ते दाखवणारा. बाण लाल झाला की बातमी खाली. वीस मिनिटंही मिळत नाहीत. परखड यांना आरसा वाटतो तो हाच पडदा.

पण एकदा रात्रपाळीत चुकून भूजलाची बातमी सर्वांत वर राहिली. संध्याकाळी तिला कुणी विचारत नव्हतं. सकाळी ती पहिल्या पाचांत होती. त्याच दुपारी दोन नेत्यांनी त्यावर निवेदनं काढली. बातमीत एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त जागा बदलली होती.

परखड:
एका रात्रीवरून मी मत बदलणार नाही. पण ठीक, ‘लोकांना हवं ते’ हे जागेवरूनही ठरतं, एवढं मान्य करतो. रडगाणं हा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही.

शाईचा डाग, त्या कक्षातली यंत्रं पुढे सुरू झाली का?

शाईचा डाग:
माहीत नाही. पाठपुरावा लावलाच नाही.