नाचणीच्या सत्त्वात तिन्ही विषय भेटतात

ताई, तुमच्या अकरावीतल्या भाचीला धंदा, रोजचं आरोग्य आणि विज्ञान हे सगळंच आवडतं, म्हणून "आधी एक काय ते ठरव" असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. तिला एकदा नाचणीचं सत्त्व, म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ, करून बघू द्या.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण दाण्यातच असलेल्या फायटिक आम्लामुळे ते शरीराला पूर्ण मिळत नाही. मोड आणले की हे आम्ल कमी होतं. शिवाय मोड येताना तयार होणारं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च (पिष्ट) तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पिठाची पेज पातळ होते. साधं पीठ आणि सत्त्व शेजारी शेजारी शिजवलं की फरक डोळ्यांना दिसतो. मात्र फार बारीक चाळू नये. बरंचसं कॅल्शियम टरफलातच असतं.

मग हिशेब. भिजवणं, वाळवणं, दळण, चाळल्यावरची घट, पाकीट, तिची स्वतःची मेहनत, सगळं धरून किलोचा भाव तिनंच काढावा. मेहनत बहुतेक जण धरतच नाहीत! विकायचं ठरलं तर आधी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी करावी लागेल. आणि पीठ खडखडीत वाळलेलं हवं, नाहीतर बुरशी धरते.