'वासूनाका' आवडते, पण नेमके काय आवडते?

मिरजकर :
भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' ही मुंबईवरची कादंबरी मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा महाविद्यालयात होतो, आणि ग्रंथालयातील प्रतीची ठरावीक पानेच एवढी मळलेली होती की ते पुस्तक कशासाठी हातोहात फिरत असेल हे उघड होते. खोटे कशाला बोलू, मीही तेव्हा तीच पाने आधी उघडली. या खेपेस मात्र पहिल्या ओळीपासून सलग वाचत गेलो आणि नाक्यावर दिवसचे दिवस उभी राहणारी, बढाया मारणारी, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींवर नजर ठेवणारी ती पोरे पुस्तक मिटल्यावरही डोक्यातून जाईनात. पत्नीने विचारले, "त्यात एवढे आहे तरी काय?" मी उत्तर दिले, "वास्तव आहे." ती म्हणाली, "वास्तव तर वर्तमानपत्राच्या गुन्हेवार्तांतही असते." यावर मला काही सुचले नाही. शहराच्या तळातले हे रांगडे, ओबडधोबड लेखन आपल्याला आवडते तेव्हा त्यात नेमके काय आवडत असते? आणि या वाटेवर पुढे काय वाचावे?

उंबरठा :
घोटाळा 'वास्तव' या शब्दातच आहे. आपल्याकडे गरिबांच्या वस्तीवर लिहिणारे पुष्कळ झाले, परंतु त्यांतील बहुतेकांच्या लेखनात निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत चालते आणि पात्रांची बोली तेवढी अवतरणचिन्हांत, चिमट्यात धरल्यासारखी येते. वाचकाला आपोआप कळते की सांगणारा आपल्यापैकी आहे आणि बोलणारे 'ते' आहेत. 'वासूनाका'मध्ये सांगणारा पोक्या स्वतःच नाक्यावरचा आहे, आणि तो आपल्याला नव्हे, तर जणू शेजारी उभ्या असलेल्या दोस्ताला सांगतो आहे. त्यामुळे तो काही समजावून देत नाही, कशाची माफी मागत नाही आणि स्वतःपेक्षा शहाणाही होत नाही. लेखकाला मध्येच येऊन दोन शहाणपणाची वाक्ये बोलण्याचा मोह होणे स्वाभाविक असते. पाध्ये कामगार चळवळीत वावरलेले, पत्रकारिता केलेले गृहस्थ होते, त्यांच्याजवळ बोलण्यासारखे खूप असणार. तरी ते गप्प बसतात. मला त्या गप्प बसण्याचे मोल शिव्यांपेक्षा अधिक वाटते. १९६५ साली पुस्तक आले तेव्हा आचार्य अत्र्यांसारख्या माणसाने त्यावर कडाडून टीका केली. माझ्या मते टीकाकारांना केवळ अश्लीलता खुपली नसावी. या पोरांना कान धरून वळणावर आणणारे पुस्तकात कोणीच नाही, हेही खुपले असावे.

शिव्या हा मुद्दा नाही याचा पुरावा हवा असेल तर याच लेखकाची 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' वाचा. तिच्यातली मुंबई सुखवस्तू आणि उच्चभ्रू आहे, पण नजर तितकीच निर्दय आहे.

सावली :
वरील प्रतिसादातील निवेदनाचा मुद्दा मान्य करूनही माझी एक तक्रार आहे. त्या नाक्यावरून जाणाऱ्या मुलींच्या मनात काय चालले आहे, हे पोक्याला दिसत नाही, म्हणून मलाही दिसत नाही. मी स्वतः अशा नाक्यावरून चार वर्षे शिकवणीला जात असे. मान खाली घालून, पावले मोजत. त्यामुळे ही कादंबरी वाचताना मी एकाच वेळी दोन्ही बाजूंना उभी असते, आणि पोरांच्या एखाद्या विनोदावर हसू आल्यानंतर स्वतःचाच राग येतो. हा राग लेखकाला अपेक्षित होता की नाही, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. पण तो येतो, आणि म्हणून मी पुस्तक टाकून देत नाही.

दुसरे असे की अस्सल बोली असली तरच असे लेखन साधते, हे मला पटत नाही. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा, म्हणजे 'वासूनाका'च्याही आधीचा आहे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेल्या आणि रेल्वेत नोकरी केलेल्या या लेखकाजवळ बोलीचा तोटा नव्हता. पण त्यांची वाक्ये उंच पट्टीतली, प्रतिमांनी लादलेली, कित्येकदा भाषणासारखी चढत जाणारी असतात. पोक्या खांदे उडवतो तिथे बागूल किंचाळतात. त्या शीर्षककथेत नोकरीसाठी परप्रांतात गेलेला तरुण खोली मिळावी म्हणून आपली जात सांगत नाही, आणि ती उघडकीला आल्यावर मार खातो. ती कथा संयत भाषेत लिहिली असती तर खोटी वाटली असती. वेश्यावस्तीवरची 'लुटालूट'ही अवश्य वाचा. स्त्रिया तिथे कुणाच्या नजरेतून नव्हे, स्वतःच्या पायांवर उभ्या राहून बोलतात.

करी रोड :
मी गिरणगावात वाढलो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. 'वासूनाका'तील पोरे रिकामटेकडी आहेत, पण त्यांच्या रिकामेपणात एक प्रकारची चैन आहे. घरी कुणाच्या तरी पगारावर चूल पेटते, याची खात्री त्यामागे असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि ती खात्री संपली. त्यानंतर आमच्या नाक्यावर उभी राहिलेली पोरे तीच टिंगलटवाळी करीत होती, पण तिच्या खाली भूक होती, आणि एखाद्या टोळीतून बोलावणे आले तर 'नको' म्हणायला कारण उरले नव्हते. जयंत पवार यांच्या लेखनात मला हा फरक दिसतो. त्यांचे 'अधांतर' हे नाटक आहे, कथा नव्हे, तरी या चर्चेत ते हवेच. धुरी कुटुंबाची एक खोली आहे आणि तिच्यात सगळे संबंध एकमेकांवर आदळत राहतात, कारण भांडून बाजूला व्हायला दुसरी खोलीच नाही. ज्यांनी चाळीत दिवस काढले आहेत त्यांना हे तंत्र म्हणून समजावून द्यावे लागत नाही.

त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीर्षकातला फिनिक्स म्हणजे पुराणकथेतला पक्षी, आणि लोअर परळची गिरणीही, जिच्या जागी आज मॉल आहे. बाहेरच्या वाचकाला त्यात पक्षी आधी दिसतो. आम्हाला आधी भोंगा ऐकू येतो. मिरजकर, तुमच्या पत्नीच्या प्रश्नाला मी एवढेच म्हणेन की गुन्हेवार्ता जिथे संपते, म्हणजे 'आरोपीस अटक करण्यात आली' या वाक्यापाशी, तिथून आरोपीच्या आईची रात्र सुरू होते, आणि पवार तिथून लिहायला लागतात.

मिरजकर :
सर्वांचे आभार. सावली यांची तक्रार वाचल्यावर पुस्तक पुन्हा उघडले आणि लक्षात आले की दोन्ही वाचनांत मी निमूटपणे पोरांच्याच बाजूला उभा होतो. काल रात्री पहिली काही पाने घरी मोठ्याने वाचून दाखवली. एका जागी मी अडखळून शब्द गिळला, तेव्हा पत्नीने पुस्तक माझ्या हातून काढून घेतले आणि अजून परत दिलेले नाही. त्यामुळे तूर्त बागूल.