थांब, ते वाक्य परत लाव!

व्याकरण, कथालेखन आणि ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन. तिन्ही एकट्याने करता येतात, पण माझ्या पाहण्यात त्यांचा नाद लागतो तो दुसऱ्या कोणामुळे तरी. तुम्हाला कोणी लावला, तुम्ही कोणाला लावलात, त्यातून हाती काय आलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

‘किमी नो ना वा’ हा २०१६ चा चित्रपट मैत्रिणीने दाखवला. त्यात एक मुलगी मुलाच्या शरीरात जागी होते आणि त्याच्या मित्रांशी बोलताना स्वतःला ‘वाताशी’ म्हणते. मित्र चमकतात. मग ‘वाताकुशी’, मग ‘बोकू’, आणि शेवटी ‘ओरे’ म्हटल्यावर ते मान डोलावतात. चारही शब्दांचा अर्थ ‘मी’च. मी ओरडले, “थांब, ते वाक्य परत लाव!” तीनदा लावलं.

मैत्रीण म्हणाली, “हे मराठीत कसं लिहिशील?” मराठीत ‘मी’ एकच, पण ‘हरवलो’ की ‘हरवले’ म्हटलं की संपलं. जपानी क्रियापदाला लिंग नाही, तिथे सर्वनाम माणूस ओळखून देतं. आपल्याकडे सर्वनाम गप्प बसतं आणि क्रियापद चुगली करतं. मात्र नेहमी नाही. ‘मी पत्र वाचलं’ यात क्रियापद पत्राच्या मागे जातं, वाचणारी बाई की पुरुष ते कळत नाही. ‘मी येईन’मध्येही नाही.

तिने यावर कथाच लिहिली. निवेदक ‘मी’, आणि तो कोण हे चार पानं उघड होऊ द्यायचं नाही. ‘मी दार उघडलं’, ‘मला वाटलं’, ‘माझ्याकडून राहून गेलं’. ‘मी निघाले’पाशी गाडी अडली. दोन संध्याकाळी खटपट केल्यावर तिथे ‘मला निघावं लागलं’ आलं, आणि त्या बदलाने निवेदकाच्या मनातली नाराजीही आपोआप कथेत उतरली. कर्मणी आणि भावे प्रयोग इतक्या कामाचे असतात हे मला त्या रात्री कळलं.

०००

माझं थोडक्यात. मित्राने हिरागानाचा, म्हणजे जपानी अक्षरमालेचा, तक्ता हातात दिला. मूळ अक्षरं ४६. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचतानाच वाटलं, हा क्रम ओळखीचा आहे. आहेच! बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतची वर्णव्यवस्था जपानला पोचली, त्यावरून तो बसवलेला आहे. ‘सा’ उभा आहे तो च-वर्गाच्या जागी, ‘हा’ प-वर्गाच्या. कारण ‘हा’चा जुना उच्चार ‘पा’ होता. म्हणून ‘हा’च्या पाठोपाठ ‘मा’ येतो, जसा आपल्या प, फ, ब, भ नंतर म. मला तक्ता पाठ करावाच लागला नाही.

०००

मी कथा लिहितो, आणि माझा पहिला वाचक म्हणजे ॲनिमेत आकंठ बुडालेला जुना मित्र. माझ्या एका कथेत कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. दोघातिघांनी सांगितलं की संघर्ष नाही, कथा उभी राहत नाही. मित्राने वाचून वेगळंच सांगितलं: “संघर्ष नसला तरी चालेल, तुझ्याकडे ‘तेन’ नाही.” की, शो, तेन, केत्सु. मांडणी, विस्तार, वळण, जुळणी. चिनी कवितेतून जपानमध्ये गेलेली ही चौकट चार चित्रांच्या योनकोमा पट्ट्यांमध्ये सहज दिसते. तिसऱ्या चित्रात भलतंच काही येतं, आणि चौथं चित्र त्याला आधीच्या दोघांशी जोडतं.

नंतर त्याने १९८८ च्या ‘तोनारी नो तोतोरो’ या ॲनिमे चित्रपटातला बसथांबा दाखवला. पाऊस, पाठीवर झोपलेली धाकटी बहीण, शेजारी डोक्यावर पान घेऊन उभा असलेला तोतोरो, म्हणजे जंगलातला तो केसाळ जीव. कितीतरी वेळ काहीच घडत नाही, फक्त थेंब पडतात. अशा रिकाम्या जागेला जपानीत ‘मा’ म्हणतात. घरी येऊन मी माझ्या कथेतलं ‘ती विचारात पडली’ खोडलं आणि नळाखाली भरत चाललेली बादली लिहिली. पाण्याचा आवाज जाड होत जातो, ती उठत नाही. त्या तीन ओळींवर मी आजही खूश आहे.

०००

शाळेत व्याकरण म्हणजे ‘प्रयोग ओळखा’. भावे प्रयोग असतोच कशाला, असं विचारलं तर ‘पाठ कर’ म्हणून खाली बसवलं. तो राग बरीच वर्षं मनात होता. तिशी उलटल्यावर एका मित्राने जपानी वाक्य ऐकवलं: ‘आमे नी फुरारेता’. शब्दशः ‘पावसाकडून पडलं गेलं’. ‘पडणं’ अकर्मक, त्याला कर्मणीसारखं रूप कसं? पण जपानीत होतं तसं, आणि त्या पडण्याचा ज्याला त्रास झाला तो वाक्याचा धनी होतो. हे मराठीत कसं म्हणायचं, दोन दिवस डोक्यात घोळत होतं. आंघोळ करताना सापडलं: ‘पावसानं गाठलं.’ ओल्या हातानेच त्याला फोन केला. मग मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ उघडलं आणि प्रयोगांचं प्रकरण कादंबरीसारखं वाचून काढलं.

आता आम्ही दोघं अशा जोड्या जमवतो. वाक्याअखेरचा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ऐकीव गोष्टीचा ‘सोदा’ म्हणजे आपलं ‘म्हणे’. हे ‘म्हणे’ मला फार आवडतं. एका शब्दात जबाबदारी झटकून बातमी मात्र पुढे पाठवता येते. कथेतल्या आगाऊ शेजारणीला मी ते भरपूर दिलंय.

०००

आम्ही दोघी मैत्रिणी आवडते प्रसंग मराठीत उतरवतो, केवळ हौस म्हणून. सगळ्यात जास्त वेळ जातो ‘सान’वर, म्हणजे नावाला जोडायच्या आदराच्या शब्दावर. एखादं पात्र इतके दिवस आडनावापुढे ‘सान’ लावत असतं आणि एका क्षणी नुसतं नाव घेतं. समोरचा गप्प होतो. ‘सान’ तसंच ठेवलं आणि त्या क्षणी गाळलं तर मराठी वाचकाच्या नजरेतून हे निसटेल, म्हणून आम्ही तिथे ‘तुम्ही’चं ‘तू’ करतो. पण ‘तू’ एकदा आलं की क्रियापदं, ‘तुझं’, ‘तुला’, सगळंच मागोमाग बदलतं, परतीची वाट राहत नाही. जपानीत ते पात्र दुसऱ्या दिवशी लाजून पुन्हा ‘सान’ लावू शकतं. मराठीत ‘तू’वरून ‘तुम्ही’वर परतणं म्हणजे भांडण झाल्यासारखं दिसतं.

सध्याच्या कथेत आमचं एकमत होत नाहीये. तिच्या वहीत पहिलं ‘तू’ अठराव्या पानावर येतं, माझ्या वहीत बाविसाव्या. काल तिने माझी चार पानं पुन्हा वाचायला नेली आहेत.