बॅलन्सिंग दोनदा करूनही थरथर जात नसेल तर

नवी एसयूव्ही, दोनदा चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), तरी ताशी १००-११० किमीला थरथर. अशा वेळी अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) मागे लागू नका. ती बिघडली तर गाडी ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथरीचं मूळ सहसा वेगळं असतं.

मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात क्षणभर न्यूट्रल करा (इंजिन चालूच ठेवून). थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनचा नाही. उरली चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा). स्टिअरिंग हलतंय तर बहुधा पुढची चाकं, सीट हलतेय तर मागची. पुढची चाकं मागे टाकून पाहा, थरथर जागा बदलते का.

साधं बॅलन्सिंग मशीन फक्त वजनातला फरक दाखवतं. टायर किंचित अंडाकृती किंवा एका जागी जास्त कडक असेल तर मशीनवर शून्य येऊनही तो रस्त्यावर उसळतो. रोड फोर्स मशीन (टायरवर दाब देऊन तपासणारं) मिळालं तर उत्तमच, नाहीतर चाक उचलून डायल गेजने (सूक्ष्म फरक मोजणारं मापक) रनआउट, म्हणजे फिरताना टायर किती वर-खाली होतो, ते मोजून घ्या. १.५ मिमीच्या वर गेलं तर टायर रिमवर १८० अंश फिरवून बसवायचा आणि पुन्हा बॅलन्स करायचा. त्याने नाही भागलं तर टायर बदलून मागा.

आणि हो, गाडी डिलिव्हरीआधी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर टायर चपटे पडलेले असू शकतात. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हनंतर थरथर कमी होते का, हे सगळ्यात आधी बघा.