दरपत्रक बदललं, पण नेमकं काय बदललं हे कसं दाखवायचं?

प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या दोन दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. संघाकडून गायीच्या दुधाचं नवं दरपत्रक आलं की मी त्याची जेसन (डेटा साठवायची मजकुरी पद्धत) फाइल करतो. एक नोंद म्हणजे फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि लिटरचा दर. जुन्या पत्रकात फॅट ३.२ ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.०, म्हणजे १९ गुणिले ११, एकूण २०९ नोंदी.

या वेळी वरच्या बाजूला फॅट ३.० आणि ३.१ अशा दोन ओळी वाढल्या. आणि एसएनएफ ८.३ च्या खालच्या तिन्ही रकान्यांत दर ५० पैशांनी उतरला. खरा बदल एवढाच: २२ नोंदी नव्या, ५७ दर कमी. पण जेसन पॅच, म्हणजे जुन्या फाइलची नवी करायला लागणाऱ्या क्रियांची यादी, काढणाऱ्या लायब्ररीने माझ्यापुढे ४४० क्रिया टाकल्या. पहिल्या नोंदीचं फॅट ३.२ चं ३.० झालं, तिचा दर बदलला, दुसरीचंही तेच, असं थेट शेवटपर्यंत.

हे सचिवांना दाखवलं तर सगळ्यांचेच दर हलले असं त्यांना वाटेल. दर दहा दिवसांनी बिल निघतं. ज्याच्या दुधाला एसएनएफ ८.१ लागतं तो खिडकीशी येऊन विचारणारच. त्याच्या हातात देता येईल असा कागद मला हवाय.

उत्तर १

सोपा रस्ता सांगतो. जेक्यूने (जेसन हाताळणारी आज्ञावली) नोंदी फॅट आणि एसएनएफवर क्रमाने लावा, प्रत्येक नोंद एका ओळीत छापा आणि दोन्ही फाइलींवर साधा डिफ (ओळींतला फरक दाखवणारी आज्ञावली) चालवा. डिफ काही नवा नाही, १९७० च्या दशकापासून युनिक्सवर हेच काम करतोय. मधे ओळी घुसल्या तर तो बाकीच्या सरकलेल्या ओळी ओळखून सोडून देतो. तुमच्या बाबतीत ५७ ओळी गेलेल्या आणि ७९ आलेल्या दिसतील. ४४० पेक्षा पुष्कळ बरं.

उत्तर २

वरचा उपाय तपासणीला चांगला आहे, पण मूळ दुखणं फाइलच्या बांधणीत आहे. तुम्ही नोंदी यादीत ठेवल्यात. यादीत नोंदीची ओळख म्हणजे तिचा क्रमांक, आणि वर दोन ओळी घुसल्या की सगळ्यांचे क्रमांक सरकतात. लायब्ररी खोटं बोलत नाही. बाराव्या जागेवर काल काय होतं आणि आज काय आहे, एवढंच ती सांगते. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही जोडीच ओळख आहे. तीच किल्ली, म्हणजे नोंद शोधायचं नाव, करा.

किल्ली पूर्णांकात ठेवा: फॅट ३५, एसएनएफ ८५, दर पैशांत. तीनपासून ०.१ मिळवत गेलात तर ३.३ च्या जागी लांब शेपटीचा आकडा येतो आणि किल्ली जुळत नाही. जोडीच्या मधे तिरकी रेघ घालू नका, डॅश घाला. जेसन पॉइंटरमध्ये, म्हणजे पॅचमध्ये नोंदीचा पत्ता लिहायच्या पद्धतीत, तिरकी रेघ हा वाटेचा दुभाजक आहे, ती किल्लीत आली तर वेगळ्या चिन्हांनी लिहावी लागते.

आता फरक कशात लिहायचा? मर्ज पॅच, म्हणजे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७३९६, वाचायला छान असतो: फक्त बदललेल्या किल्ल्या आणि नवी किंमत. नोंद काढायची असेल तर तिथे नल (‘काही नाही’ ही किंमत) लिहायचा. पण यादी आली की तो पूर्ण यादीच बदलून टाकतो, आणि जुना दर काय होता हे त्यात कुठेच उरत नाही. २०१३ चा जेसन पॅच, आरएफसी ६९०२, यातही रिप्लेस, म्हणजे किंमत बदलायची क्रिया, फक्त नवी किंमत सांगते. पण त्यात टेस्ट नावाची क्रिया आहे. प्रत्येक बदलाआधी ‘इथे ३४५० आहे का’ असं विचारता येतं, आणि एक जरी उत्तर चुकलं तरी अख्खा पॅच नाकारला जातो. दोन संस्थांपैकी एकीकडे मागचं पत्रक चढवायचं राहून गेलं असेल तर हीच क्रिया तुम्हाला वाचवेल. माझ्या मते दुधाच्या पैशाला याशिवाय हात लावू नये.

खिडकीवरचा कागद मात्र यातल्या कशातूनही थेट छापू नका. फॅट, एसएनएफ, जुना दर, नवा दर, फरक असे पाच रकाने करा. मग फरकाचा रकाना पाहा. ५७ ठिकाणी उणे ५० असेल तर त्या ५७ ओळींचं एक वाक्य होतं.

प्रश्नकर्ता

जोडीची किल्ली केली, बरोबर ७९ फरक आले. मनापासून आभार. तीच पद्धत सभासदांच्या यादीला लावली, किल्ली सभासद क्रमांक. तिथे १४ जणांचं गाव बदललेलं दाखवतंय. जुनं ‘कऱ्हाड’, नवं ‘कर्‍हाड’. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

उत्तर ३

दोन कीबोर्डांवरून टंकलं गेलंय. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) लावलंत तर र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांचा ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेवाला प्रकार तसाच राहतो. तो नियम हाताने लिहा: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ आणि हलन्त. फक्त तुलनेपुरतं करा, सभासदाने लिहून दिलेली नोंद बदलू नका.

प्रश्नकर्ता

चौदाचे दोन झाले, आणि त्या दोघांनी खरंच गाव बदललंय. दरपत्रकाचा कागद काल संध्याकाळच्या संकलनाआधी वजनकाट्याशेजारी लावला. वर मोठ्या अक्षरात: ‘एसएनएफ ८.० ते ८.२: लिटरला ५० पैसे कमी. ८.३ आणि पुढे: बदल नाही. फॅट ३.० आणि ३.१ चे दर नव्याने दिले आहेत.’ खाली पाच रकान्यांचा तक्ता. एका मावशींनी आपली पावती तक्त्याशेजारी धरली, ८.१ वर बोट ठेवलं आणि सरळ सचिवांना विचारलं, “हे पन्नास पैसे का कापले?”