हेलिस्कीइंग: अलास्का, कॅनडा की मनाली?

सह्यभ्रमंती (पुणे)

नमस्कार मंडळी. गुलमर्गच्या आयआयएसएममध्ये (तिथली स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था) स्कीइंगचा कोर्स केला तेव्हापासून दर हिवाळ्यात पाय तिकडेच वळतात. आता गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे अफरवटवरून, स्थानिक गाइडबरोबर खाली उतरते. ताज्या, मऊ बर्फात छान जमतं. वाऱ्याने कडक झालेल्या बर्फावर अजून कचरते.

पुढच्या वर्षी पन्नाशी पूर्ण होतेय. घरच्यांनी एका मोठ्या सहलीला होकार दिलाय आणि मला हेलिस्कीइंगच करायचंय, म्हणजे हेलिकॉप्टरने डोंगरावर जाऊन स्कीवरून खाली उतरायचंय. आमच्या ग्रुपवर सगळे अलास्काच्या वाल्देझचे व्हिडिओ टाकताहेत, "जायचं तर तिथेच जा" म्हणताहेत. मला विचारायचंय ते असं: पहिल्यांदा कुठे जावं? मनालीतही होतं म्हणतात, ते कसं असतं? आणि मुख्य म्हणजे, आज उडायचं की नाही, कुठल्या उतारावर उतरायचं, हे तिथले लोक ठरवतात कसं? हिमस्खलनाच्या बातम्या वाचून आई रोज फोन करतेय, तिला खरं काय ते सांगायचंय.

बो-व्हॅली (कॅल्गरी)

ताई, पहिल्यांदाच अलास्का नको. इथे बरीच वर्षं या डोंगरांत काढली आहेत, म्हणून ठामपणे सांगतो.

वाल्देझ आणि थॉम्पसन पासच्या आसपासचे चुगाच डोंगर समुद्राला खेटून आहेत. तिथला बर्फ दमट असतो, खूप पडतो आणि उभ्या कड्यांना चिकटून राहतो. म्हणून तर ४५-५० अंशांच्या उतारावरून लोक खाली येऊ शकतात. आमच्या रॉकीजमध्ये हवा कोरडी, थंडी कडाक्याची, बर्फ त्या मानाने उथळ. तळाचा थर साखरेसारखा रवाळ होतो आणि हिवाळाभर पडलेल्या बर्फाचं सगळं ओझं त्या कमकुवत थरावर. त्यामुळे तिथे निभावून जाणारा उतार इथे जीव घेऊ शकतो. जागा निवडताना व्हिडिओतला कडा बघू नका, त्या कड्यावरचा बर्फ कुठल्या जातीचा आहे ते बघा.

अलास्कात आणखी एक गोष्ट शिकलेली असावी लागते. खड्या उतारावर वळण घेतलं की वरचा सुटा बर्फ तुमच्याबरोबर खाली धावायला लागतो. त्याला स्लफ म्हणतात. तो तुमच्याहून वेगाने येतो आणि पाय ओढून नेतो. मग दोन-तीन वळणं घेऊन धारेच्या पलीकडे सरकायचं, त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि पुन्हा आत यायचं. हे सगळं भर वेगात. १९९१ साली वाल्देझला एक्स्ट्रीम स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा डग कूम्ब्सने जिंकली आणि पुढे त्याने तिथेच हेलिस्कीइंगचा व्यवसाय उभा केला. तुमच्या ग्रुपवरचे व्हिडिओ त्या परंपरेत वाढलेल्या लोकांचे आहेत.

शिवाय तिथे स्कीइंग होतं ते झाडांच्या रेषेच्या वर. ढग उतरले की आभाळ आणि बर्फ एकच पांढरं होतं, पायलटला टेकायला जागेचा अंदाज येत नाही. मग तळावर बसून राहायचं, कधी कधी सलग कित्येक दिवस. आयुष्यात एकदाच एवढा खर्च करणाऱ्याला हे फार लागतं.

तुम्ही ब्रिटिश कोलंबियाला या. रॉकीजच्या पश्चिमेचे डोंगर, सेलकर्क, मोनाशी, कॅरिबू, बुगाबू, यातलं काहीही. हा खेळच तिथे जन्मला: १९६५ मध्ये हान्स ग्मोझर या ऑस्ट्रियातून आलेल्या गाइडने बुगाबूमध्ये पाहुण्यांना हेलिकॉप्टरने वर नेऊन सोडायला सुरुवात केली. बर्फ खोल, मऊ, आणि मोठी मोठी देवदारासारखी झाडं. खराब हवेतही झाडांमुळे उंचसखल कळतं, म्हणून दिवस फुकट जायचं प्रमाण कमी. मात्र झाडांचा धोका वेगळा. बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ साचत नाही, तिथे पोकळ खड्डा राहतो. त्यात डोकं खाली होऊन पडलं तर एकट्याने बाहेर येणं जवळजवळ अशक्य, आणि बर्फात गुदमरायला फार वेळ लागत नाही. म्हणून जोडी लावून देतात आणि जोडीदाराला सतत हाका मारत उतरायचं. लाजू नका, मोठ्याने ओरडा.

आता आईंच्या प्रश्नाचं. पहाटे सगळे गाइड बसतात. कालचं तापमान, वारा, कुठे काय घसरलं, हे समोर असतं. मग त्या भागातल्या उतारांची यादी एकेक करून वाचतात आणि प्रत्येक उतार आज उघडा की बंद हे ठरतं. एकमत लागतं. एकाही गाइडला खटकलं तर तो उतार त्या दिवसापुरता बंद, आणि दुपारी ऊन कितीही सुंदर पडलं तरी उघडत नाहीत. वर गेल्यावर गाइड बर्फात खड्डा खणतो, बर्फाचा एक उभा खांब मोकळा करतो, त्यावर फावडं ठेवून थापट्या मारतो: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला कुठला थर सटकन निसटतो, यावरून तो ठरवतो. सर्वात फसवा थर म्हणजे निरभ्र, थंड रात्री पृष्ठभागावर उगवणारे पिसांच्या आकाराचे स्फटिक. त्यावर नवा बर्फ पडला की ते दिसेनासे होतात आणि आठवडेच्या आठवडे तसेच दबून राहतात.

आईंना धोका शून्य आहे असं मात्र सांगू नका. १९९१ च्या मार्चमध्ये बुगाबूमध्येच एका हिमस्खलनात ९ स्कीअर गेले, आणि तिथे गाइड अनुभवी होते. २०२१ मध्ये अलास्कात निक हिमनदीजवळ हेलिकॉप्टर कोसळून ५ जण गेले. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक वेळा तो वाचतो. अर्ध्या तासानंतर शक्यता फार घसरते. म्हणजे वाचवणारी माणसं तिथे हजर असलेलीच असतात, आणि त्यात तुम्हीही आलात. बीकन (गाडलेल्या माणसाचा माग देणारं छोटं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हे तिन्ही तुमच्या अंगावर हवेत आणि हाताला सवयीचे हवेत.

देवटिब्बा (मनाली)

मूळचा नाशिकचा, कामानिमित्त इकडे असतो. मनालीबद्दल लिहितो.

हो, इथे बरीच वर्षं हेलिस्कीइंग चालतं. हनुमान टिब्बा, रोहतांगच्या आसपासचे उतार. जानेवारी अखेर ते मार्च हा काळ चांगला, पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) एकामागून एक आले की बर्फ भरपूर. दृश्याचं म्हणाल तर जगात तोड नाही, आणि गर्दी अजिबात नाही.

अडचण उंचीची. हवा विरळ झाली की इंजिनाची आणि पंख्याची ताकद घटते, त्यामुळे माणसं कमी न्यावी लागतात आणि फेऱ्या वाढतात. २००५ मध्ये दिदिए देलसाल या फ्रेंच पायलटने बी-३ जातीचं हेलिकॉप्टर थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकवलं होतं, पण एकट्याने आणि नको ते वजन काढून. प्रवासी घेऊन रोज काम करणं वेगळं. तुम्हालाही एका झटक्यात ४,००० मीटरवर सोडतात, तेव्हा आधी दोन-तीन दिवस मनालीत किंवा सोलंगमध्ये काढाच. हिमस्खलनाचा इशारा डीजीआरई ही सरकारी संरक्षण संशोधन संस्था काढते (पूर्वीची सासे), तो वाचायची सवय लावा.

लेमान (जिनिव्हा)

थोडं वेगळं मत मांडते. युरोपात यावर मोठा वाद आहे. फ्रान्सने १९८५ च्या पर्वत कायद्याने मौजेसाठी हेलिकॉप्टरने डोंगरावर सोडायला बंदी घातली. स्वित्झर्लंडमध्ये ठरवून दिलेल्या जागीच उतरता येतं. मॉन्टे रोझावर सुमारे ४,२०० मीटरवर उतरून हिमनदीवरून झेरमाटपर्यंत येता येतं, ते अप्रतिम आहे हे खरं. पण हिवाळ्यात अन्न कमी असताना रानबकऱ्यांना त्या आवाजाने पळावं लागतं, साठवलेली चरबी त्यात जाते. मला हे पटत नाही, म्हणून मी स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी (स्किन) लावून चढते आणि दिवसातून एकदाच उतरते. ताई, तुम्ही हाही विचार करून बघा.

सह्यभ्रमंती (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. लेमान, तुमचं म्हणणं डोक्यात राहील. चढून जाण्याचा कोर्स नक्की करणार. यंदा मात्र ब्रिटिश कोलंबियाकडे कल आहे. बो-व्हॅली, तयारीत आधी काय करू? आणि हेलिकॉप्टरजवळ कसं वागायचं याची थोडी भीती वाटते.

बो-व्हॅली (कॅल्गरी)

आधी पाय. सिंहगड चढून उतरा आणि उतरताना सावकाश, मांड्यांवर भार घेत उतरा. दिवसभर खोल बर्फात तेच स्नायू लागतात. बीकन मिळाला तर पुण्यातल्या एखाद्या मैदानावर मैत्रिणीला दुसरा गवतात लपवायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. अफरवटवर यंदा रुंद स्की भाड्याने घेऊन बघा, मऊ बर्फात तरंगायला त्याच लागतात. विमा घेताना हेलिस्कीइंग आणि डोंगरातून सुटका हे दोन्ही शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे, साध्या प्रवास विम्यात ते बहुधा वगळलेलं असतं.

हेलिकॉप्टरचं पहिल्या सकाळी शिकवतात. सगळ्यांनी एका घोळक्यात गुडघ्यावर बसायचं, स्की आणि काठ्या आडव्या बांधून शेजारी, टोपी-हातमोजे घट्ट. यंत्र हातभर अंतरावर येऊन टेकतं, पंख्याच्या वाऱ्याने बर्फाचे कण तोंडावर टोचतात, काही दिसत नाही. गाइड खूण करेपर्यंत कोणी उठायचं नाही. काही उभं धरायचं नाही, उताराच्या वरच्या बाजूला जायचं नाही कारण तिथे पंखा जमिनीच्या जवळ येतो, आणि शेपटीकडे तर कधीच नाही. बर्फाळ जागी उतरल्यावरही तसंच बसून राहायचं, ते उडून जाईपर्यंत.

जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा बघा, बर्फ तेव्हा सर्वात सुका असतो. नवख्यांसाठी वेगळे आठवडे ठेवणाऱ्या कंपन्या आहेत. बुकिंग करताना तेच मागा, आणि हवामानामुळे उडता आलं नाही तर पैसे किती परत, हे लेखी घ्या.