अनुभव धागा: ऑनलाइन स्पर्धेतली बॉट मतं कशी ओळखता, कशी रोखता?

गणपतीतली घरगुती सजावट, शिमग्यातल्या पालखीचे फोटो, डबलबारीचे व्हिडिओ: कोकणातल्या बऱ्याच स्पर्धांचा निकाल आता लाइक आणि लिंकवरच्या मतांवर लागतो. त्यात बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप मतं टाकणारे प्रोग्रॅम, घुसतात. ज्यांनी अशी मोजणी सांभाळली आहे त्यांनी नेमकं काय करायचं ते लिहा.

खाडीकाठ, दाभोळ
गुगल फॉर्मला एकाच प्रतिसादाची मर्यादा लावली की लॉगिन लागतं, पण दहा खाती असणाऱ्याची दहा मतं होतातच. खरा पुरावा वेळेच्या रकान्यात असतो. उत्तरं आधी वेगळ्या शीटमध्ये कॉपी करून घ्या; मूळ शीटमध्ये प्रत्येक नवं उत्तर नवी ओळ घालतं आणि सूत्रं सरकतात. मग स्पर्धकानुसार आणि त्यात वेळेनुसार लावून लागोपाठच्या दोन मतांमधलं अंतर काढा. ओळीने सात-आठ सेकंदच येत असतील तर मागे स्क्रिप्ट, म्हणजे मतं टाकणारा छोटा प्रोग्रॅम, आहे. हुशार स्क्रिप्ट अंतर बदलतं ठेवते, म्हणून तासवार आलेखही बघा. मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर लिंक पडली की मतं एकदम चढतात आणि तासा-दोन तासांत ओसरतात. लाइट येते तेव्हाही तसंच होतं. बॉटची रेघ सपाट, जेवणाच्या वेळीही हलत नाही.
मात्र रात्री दोनची मतं म्हणून खोटी ठरवू नका. गणपतीत भजनं पहाटेपर्यंत चालतात, माणसं जागीच असतात.

सड्यावरचा, देवगड
एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून) एकच मत, हा नियम आपल्याकडे लावूच नये. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता वाटून देतात, त्यामुळे एकाने मत दिलं की शेजारची वाडी अडते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत उलटी अडचण: एका फोनला पत्त्यांचा अख्खा गट मिळतो आणि पत्ता बदलत राहतो, म्हणून तिथे पहिले 64 बिट, म्हणजे पत्त्याचा पहिला अर्धा भाग, धरूनच मोजा. बॉटवाला तर पत्ते बदलतोच. 1999 मध्ये स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर संगणकशास्त्राच्या सर्वोत्तम विद्यापीठासाठी मतदान झालं तेव्हा आयपी नोंदले जात होते. तरी विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅमनी अमेरिकेतल्या एमआयटीला 21,156 आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाला 21,032 मतं दिली. बाकी एकही हजाराला पोचलं नाही.

मांडवी, वेंगुर्ला
ओटीपीने बराच कचरा थांबतो. मुदत दहा मिनिटं ठेवा. रेंज नसलेल्या वाडीत एसएमएस उशिरा पोचतो. फक्त +91 नंबर घेतले तर भाड्याचे परदेशी नंबर अडतात, पण मस्कत-दुबईतली आपलीच माणसंही बाहेर राहतात. त्यांच्यासाठी ओमान आणि अमिरातीचे कोड वेगळे उघडा.

वाडीकर, कुडाळ
मंडळापुरतं असेल तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधला पोल पुरतो. कोणी कोणाला मत दिलं ते नावासकट दिसतं. एकाहून जास्त उत्तरांची परवानगी बंद करायला विसरू नका.

नारळीबाग, गुहागर
लाइकवर निकाल असेल तर मुदत संपताच आकडा जाहीर करू नका. प्लॅटफॉर्म बनावट खाती काढतो तेव्हा लाइक घटतात. दोन दिवस पडताळणीचे ठेवा आणि ते नियमांत आधीच छापा. लोकमताला एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त वजन देऊ नका, उरलेले परीक्षकांकडे. आणि बॉट सापडला म्हणून स्पर्धकाला बाद करू नका, फक्त ती मतं वजा करा. विकतची मतं कोणीही कोणाच्याही नावावर टाकू शकतो. बाद करण्याचा नियम ठेवलात तर प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढण्यासाठीच ती टाकली जातील.